बशी कुठवर दिसते

तळ्यावर आले की गळ टाकण्याआधी ते पाण्यात बशी सोडायचे.

साधी चहाची पांढरी बशी, कडेला टवका उडालेली. तिला तीन बाजूंनी दोरा बांधलेला, खाली शिशाचा तुकडा, आणि वरच्या दोरीला हात-हात अंतरावर गाठी. बशी सावकाश खाली जायची. ती दिसेनाशी झाली की ते बोटाखालची गाठ मोजायचे. "तिसरी. दिसत नाही, म्हणजे ग्रँड!" ग्रँड म्हणजे त्यांच्या बोलीत 'झकास'. मग गळ. तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्हीही माझ्यासारखंच म्हणाला असतात की म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. आपण बशीने चहा पितो, हे तळ्याला बशी दाखवत होते. मी घरात त्यांना 'बशीवाले' म्हणू लागले आणि तेच नाव राहिलं.

आमचं घर आयर्लंडमधल्या पोर्टलीशच्या बाहेर, तळ्यापासून चालत दहा मिनिटांवर. ह्यांची औषधांच्या कारखान्यात नोकरी, मुलगा कॉलेजात, आणि मी पंचेचाळिशीची, अलिबागकडची, माशांतलं आपल्याला सगळं कळतं अशा थाटात वावरणारी. अंगात साडी, वर ह्यांचा रेनकोट, पायात मुलाचे बूट. आज माझी नात तो फोटो बघून लोळून हसते. मीही हसते. हसण्यासारखीच होते.

पहिल्याच भेटीत मी विचारलं, "ह्यात बास मिळतो का?" बास म्हणजे आमच्या जिताड्याचा इथला चुलतभाऊ, एवढं मला बाजारात कळलं होतं. आणि जिताडा आमच्याकडे तळ्यांत पाळतात.

"बास समुद्रात, मिसेस," ते म्हणाले. "इथे पाईक. तोही घरी असला तर."

दुसऱ्या दिवसापासून मी पिशवी घेऊन जाऊ लागले. शेजारी आहेत, एखादा मासा देतील. आठव्या दिवशी त्यांनी हातभर लांबीचा पाईक काढला, ओल्या हातांनी त्याचा गळ सोडवला, त्याच्याकडे बघून मान हलवली आणि दिला सोडून पाण्यात! मी पिशवी उघडून उभी. घरी येऊन ह्यांना म्हटलं, "मेला कंजूष आहे. तळ्याला परत देईल, पण शेजारणीला देणार नाही."

हे म्हणाले, "अगं, इथे मासे सोडतात. आणि तू पिशवी कसली नेतेस? लाज आहे का?"

लाज नव्हती. ती पुढे आली, आणि आली ती गेलीच नाही.

बशीवाल्यांच्या शेजारी रविवारी दुसरं एक घडीचं स्टूल असायचं. त्यावर त्यांचा धाकटा भाऊ. पलीकडच्या गावात राहायचा. तळ्यावर होडी असलेला तो एकटाच, पण रविवारी होडी काठाला बांधून भावापाशी बसायचा. दोघे एका थर्मासमधला चहा प्यायचे आणि भांडायचे. "तुझ्या सावलीने पळाला." "माझ्या नाही, तुझ्या खोकल्याने." मी मागे उभी राहून ऐकायची. त्यांच्या भांडणातूनच मला कळलं की तळं सोपं कधी आणि अवघड कधी. गढूळसर पाणी, वर थोडा वारा, ढगाळ आभाळ असलं की मासा धीट होतो. ऊन आणि निवळ पाणी असलं की तो तळाच्या गवतात शिरतो आणि तुमचं सगळं सामान, तुमच्या नाकासकट, बघत बसतो.

एका उन्हाळ्यात आम्ही शॅनन नदीवरच्या एका मोठ्या तळ्यावर सहलीला गेलो. तिथे दगडांना तिसऱ्यांसारखं काही चिकटलेलं दिसलं. नखाएवढे शिंपले, अंगावर तपकिरी पट्टे. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. बादलीभर काढले, पाण्यात ठेवून घरी आणले, नारळसुद्धा फोडला. हे म्हणाले, "ह्यात खायचं काय? पट्टे?" खरंच, आत काही नव्हतं. टाकून द्यायचे तर जिवंत. माझं मन होईना. शेवटी बादली उचलली आणि धक्क्यावर जाऊन आमच्या तळ्यात रिकामी केली. घरी येताना गुणगुणत होते. शेकडो जीव वाचवले म्हणून स्वतःवर खूश, बघा.

चार-पाच वर्षांत बशी चौथ्या गाठीपर्यंत दिसू लागली. मग सहाव्या. फिरायला येणारे लोक खूश. मी सगळ्यांत जास्त. "किती सुंदर झालंय! तळ दिसतो!" असं मी त्यांना म्हटलं.

त्यांनी बशी वर ओढून घेतली. मग म्हणाले, "तुला तळ दिसतो, मिसेस, म्हणजे माशाला मी दिसतो."

आता महिनोन्‌महिने त्यांच्या गळाला काही लागत नव्हतं. बारीक दोरा वापरून झाला, गुडघ्यांवर रांगत काठाशी जाऊन झालं. सत्तरीचा माणूस, रांगत! आणि एके दिवशी त्यांनी माझ्यासमोर मूठ उघडली. तळहातावर नखाएवढा शिंपला होता. तपकिरी पट्टे.

"हे पाणी गाळून पितात," ते म्हणाले. "शॅननवरून आले. होडीच्या बुडाला चिकटून येतात. बघितलायस कधी?"

"नाही," मी म्हटलं.

बस, एवढंच. एक शब्द.

त्याच काळात भावाने होडी शॅननवर नेली होती. परत आणताना धुतली, वाळवली, असं तो शपथेवर सांगत होता. बशीवाल्यांनी विश्वास ठेवला नाही. आधी ते त्याला "आमचा धाकटा" म्हणायचे. आता "युअर मॅन" म्हणू लागले, म्हणजे कुणीतरी तो एक. दुसरं स्टूल यायचं थांबलं.

मी का बोलले नाही? तेव्हा मी स्वतःला सांगत होते की ह्यांच्या नागरिकत्वाचे कागद अडकलेत, उद्या पोलीस दारात येतील आणि शिंपल्यांपायी आम्हाला मुंबईच्या विमानात बसवतील. डोक्यात सगळी चौकशीसुद्धा रंगवून झाली होती, "बाई, नारळ कशासाठी फोडलात?" इथपर्यंत. पण कागद मिळाले आणि तरी मी बोलले नाही. मला त्यांच्या नजरेत शहाणी राहायचं होतं, एवढंच. बोलण्याऐवजी मी नारळाच्या वड्या नेऊन द्यायचे. "फार चांगली बाई आहेस, मिसेस," असं म्हणत ते खायचे. मी रिकामा डबा उचलून निघायचे.

एकदा ठरवून गेले. ते एकटेच बसले होते, बाजूला स्टुलाएवढी जागा मोकळी. "शेवटी मी एकच मागितलं होतं त्याच्याकडे," ते आपणहून म्हणाले. "धुतली नाहीस एवढं कबूल कर, मग सगळं ग्रँड. पण नाही म्हणाला."

तेव्हा बोलायचं होतं. मी म्हटलं, "आज गारवा आहे, नाही?"

गेल्या हिवाळ्यात ते गेले. इथल्या रिवाजाप्रमाणे घरीच ठेवलं होतं, गाव भेटायला येत होतं. दारात उभ्या असलेल्याचा हात हातात घेऊन "तुमच्या त्रासाबद्दल वाईट वाटतं" एवढंच म्हणायचं असतं. दारात भाऊ उभा होता. मी त्याचा हात धरला आणि ते वाक्य निघेचना. मी म्हटलं, "शिंपले मी टाकले होते. बादलीने."

मागे रांग होती. तो मला अंगणात घेऊन गेला. मी सगळं सांगितलं, नारळासकट. मला वाटलं, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"कदाचित तुझ्या बादलीतून आले, कदाचित नाही," तो हळूच म्हणाला. "मी होडी धुतली होती. दोनदा. पण तो इतक्या वेळा म्हणाला की धुतली नव्हतीस, की पुढेपुढे माझं मलाच नक्की सांगता येईना. होडी विकून टाकली." मग दाराकडे बघून, "त्याला सांगायचं होतंस."

आणि तो परत दारात जाऊन उभा राहिला.

दफन झाल्यावर महिन्याभराने तो माझ्या दारात आला. हातात बशी होती, दोरी नीट गुंडाळलेली. "घर आवरताना सापडली," म्हणाला. आम्ही दोघं तळ्यावर गेलो. त्याने दोरी माझ्या हातात दिली. एक, दोन, तीन. तिसऱ्या गाठीला दोघेही थांबलो, सवयीने. बशी स्वच्छ दिसत होती. चौथी, सहावी, नववी. मग दोरी सैल पडली. बशी तळाला टेकली होती, आणि एवढ्या वरूनसुद्धा तिच्या कडेचा टवका दिसत होता.

भाऊ पाण्याकडे बघत राहिला. ग्रँड कुणीच म्हटलं नाही.