कॉपी मागितली तरच पास

आम्ही तिघं भेटलो की चहा येईपर्यंत क्लासचा एक तरी किस्सा होतोच. किस्से संपत नाहीत, उलट वाढतात. शमिका बोरिवलीची, निखिल मुलुंडचा, मी घाटकोपरचा. एकाने मीठमसाला लावला की बाकीचे दोघं लगेच अडवतात, त्यामुळे खालचं सगळं साधारण खरं आहे!

आमचे तळवडेकर सर गोरेगाव पूर्वेला एका इंडस्ट्रियल गाळ्यात पोर्ट्रेट आणि लाइटिंग शिकवतात. त्यांच्याकडे पेपर नाही, मार्क नाहीत. तुम्ही एखाद्याचा फोटो काढायचा, त्याला बोलावून प्रिंट दाखवायची आणि गप्प उभं राहायचं. त्याने आपणहून "मला एक कॉपी दे" म्हटलं तर पास. चान्स तीन. पास होईल त्याला सर स्वतःच्या शूटवर असिस्टंट म्हणून घेतात, आणि तिथे घुसायला आम्ही तिघं जिवाचं रान करत होतो.

*

पहिला महिना माणूस नाहीच. पांढऱ्या कागदावर एक अंडं, एक लाइट, बस्स. सावली कुठे सुरू होते, कुठे विरते, तेवढंच बघायचं. आम्ही कुरकुरलो की सर मालवणीत यायचे, "अंडा गप रव्हता रे, माणूस रव्हना नाय! आधी गप बसणाऱ्यावर शिका."

मी शिकत होतो तो नेमका श्रावण. आईने घरात अंडं आणू दिलं नाही. मग मी बाबांना टेबल लॅम्पखाली बसवलं आणि त्यांच्या टकलावर प्रॅक्टिस सुरू केली. बाबा पेपर वाचत बसायचे, मी लॅम्प फिरवायचो.

महिन्याने सरांनी फोटो बघितले, माझी पाठ थोपटली आणि म्हणाले, "झकास! अंडं कुठून आणतोस रे? मोठं दिसतंय."

*

शमिकाला लाइट दिसला की समोरचं दुसरं काही दिसत नाही. तिच्या ताईला बघायला पाहुणे आले होते. कांदेपोहे झाले आणि ही मुलाला म्हणाली, "तुम्ही जरा खिडकीपाशी बसा ना, तिथे तुमच्या डोळ्यांत लाइटच येत नाहीये." तो बिचारा उठून तिथे जाऊन बसला. हिने पोळ्या गुंडाळायची फॉइल कॅलेंडरच्या मागे चिकटवून रिफ्लेक्टर केला होता, तो चक्क मुलाच्या आईच्या हातात दिला!

दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. घरातले सगळे कान टवकारून बसले.

"तो फोटो मला पाठवाल का?" एवढंच त्याने विचारलं. ताईबद्दल चकार शब्द नाही. पुढे तोच फोटो दाखवून त्याने दुसरीकडे लग्न जमवलं.

ताई दोन दिवस शमिकाशी बोलली नाही. शमिका पास!

*

गाळ्यातले लाइट आणि शेजारच्यांचं मशीन एकाच फ्यूजवर. आठवड्यातून एकदा तो उडणार, आणि आम्ही सुटलो म्हणून बॅगा उचलणार. सर शांतपणे शटर अर्धं वर करायचे. "हा घ्या सगळ्यात मोठा लाइट. ह्याचा फ्यूज उडत नाही!"

एकदा फ्यूज लावायला इलेक्ट्रिशियन आला. स्टुलावर बसून तो वायर सोलत होता आणि शटरखालून आलेलं ऊन त्याच्या हातांवरून चेहऱ्यावर चढलं होतं. मी एकच फोटो काढला, घाबरत घाबरत कॅमेऱ्यावर त्याला दाखवला.

त्याने पक्कड खाली ठेवली. म्हणाला, "आधी हा पाठव. मग फ्यूज बसवतो."

असा मी पास झालो, अंधारात!

*

राहिला निखिल. त्याच्याइतका मेहनती आमच्यात कोणी नव्हता. पण तो आधी लग्नाच्या फोटोंमधले चेहरे कॉम्प्युटरवर गुळगुळीत करायचं काम करायचा, आणि ती सवय काही सुटेना. पहिल्यांदा त्याने सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोटो काढला. वय पासष्ट. त्यांनी प्रिंट लांब धरली, जवळ धरली. "मस्त आहे रे. कोण आहेत हे?"

दुसऱ्यांदा मामा. मामा म्हणाले, "माझा तीळ कुठे गेला?"

सरांनी कपाळाला हात लावला. "निखिल, तू फोटो काढत नाहीस रे, पुसतोस!"

*

उरला एकच चान्स. त्याची घालमेल बघून त्याची आई म्हणाली, "माझा काढ." काकूंच्या चेहऱ्यावर कोडाचे पांढरे डाग आहेत, लग्नानंतर आलेले. त्या फोटोला कधी उभ्याच राहत नसत. निखिलने किचनच्या खिडकीला पांढरी चादर बांधली आणि त्यांना बाजूला बसवलं. बसता बसता त्या म्हणाल्या, "डाग तेवढे काढ हं, बाळा."

संध्याकाळी त्याचा मला फोन. "यार, पाच मिनिटांचं काम आहे. हात शिवशिवतायत."

"मग?"

"कॉम्प्युटर बंद केला."

प्रिंट दाखवायच्या दिवशी काकू गाळ्यात आल्या. आम्ही भिंतीला टेकून उभे. काकूंनी चष्मा लावला आणि एका डागावरून हलकेच बोट फिरवलं. निखिल खाली बघत होता. खरं सांगतो, त्या क्षणी पोरगा नापास झाला असता तरी मला त्याचा अभिमानच वाटला असता.

काकू म्हणाल्या, "ह्याच्या चार कॉप्या काढ."

सर चमकले. "चार कशाला, वहिनी?"

"आमच्याकडे, दिरांकडे, नणंदेकडे आणि माझ्या माहेरी हॉलमध्ये घरातल्या सगळ्यांचा फोटो लावलाय. चारही मीच काढलेत."

सरांनी प्रिंट हातात घेतली, बराच वेळ बघितली.

"निखिल," ते म्हणाले, "पाच काढ."