खालाच्या शोरब्याचं मीठ

आमच्या शेजारच्या खालाइतकी भित्री बाई अख्ख्या मालवणात झाली नाही. रोज्याच्या महिन्यात तर तिची भीती शिगेला पोचायची. तोंडात चिलट जाईल म्हणून दुपारभर पदर दातांत धरून बसायची. आंघोळीला ओठ असे आवळायची, की बघणाऱ्याला वाटावं, बाई बुडते आहे. आणि शोरबा ढवळताना वाफ घशात उतरू नये म्हणून नाकातोंडाला फडकं बांधायची. त्या अवतारात तिला बघून एकदा पोस्टमन ओसरीवर कार्ड टाकून पळाला होता.

पण शोरबा तिचाच! गहू, चण्याची डाळ नि मटणाच्या नळ्या सकाळपासून रटरटायच्या. मशिदीतली तीसेक माणसं त्यावरच रोजा सोडायची. आता रोजा धरलेल्या बाईनं मीठ चाखायचं कसं? बाकीच्या बायका थेंबभर जिभेवर घेऊन थुंकत. खाला म्हणे, "आणि गिळलंय तर? अल्लाक काय सांगू?" म्हणून जीभ माझी. साठ सालच्या आसपास मी नवी सून होते. वयानं अठरा, अकलेनं आठ. सासूबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं.

एके दिवशी परसातून हाक आली, "गो, बेगीन ये, मीठ बघ!" मी धावले. चमचा ओठांशी आला आणि आठवलं, आज सोमवार! आमच्याकडे सोमवार शिवराक, घरात मासळीचा वाससुद्धा चालत नसे. सासूबाई ओसरीवर सुपारी कातरत बसलेल्या. तोंडाला मटणाचा वास आला असता तर माझी थेट माहेरी रवानगी. आणि नाही म्हणावं तर खाला दुखावणार. ती चुलीकडे वळली तसा मी चमचा केळीच्या बुंध्याशी ओतला आणि ओठ पुसले.

"खाला, मीठ बरोबर आसा."

"नक्की?"

"देवाशपथ!"

शपथसुद्धा! मूर्खपणात मी कधी हात आखडता घेतला नाही.

टोप मशिदीत गेला आणि मग माझी अक्कल जागी झाली. दिवसभर पाण्याचा थेंब न घेतलेली तीस माणसं! संध्याकाळची बांग ऐकली तेव्हा मी तुळशीपुढे दिवा लावत होते. तीन काड्या विझल्या. आता सगळे हातात वाट्या घेऊन आमच्या दारात येणार, अशी माझी खात्री. कुणीच आलं नाही. त्यानं तर जास्तच धडकी भरली.

सकाळी खाला कुंपणाशी उभी. "काल मी मीठ घालूकच नाय गो."

"मगे? लोक काय म्हणाले?"

"काय म्हणतले? मी सांगलंय, म्हातारी झालंय, विसारलंय." मग माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. "काल सोमार होतो, नाय गो?"

मी रडायलाच लागले. "गप," ती दबक्या आवाजात म्हणाली, "तुझी सासू आयकात."

त्यानंतर सोमवारी तिनं मला कधी हाक मारली नाही. त्या दिवशी शोरबा कधी अळणी, कधी खारट व्हायचा म्हणे, आणि माणसं म्हातारीचा हात चुकला समजून मुकाट प्यायची. खरं काय ते सासूबाईंच्या पश्चात मी मशिदीतल्या माणसांना सांगणारच होते. पण खाला गेली तेव्हाही सासूबाई चांगल्या धडधाकट होत्या.