हाड म्हटलं की यायची

आमची कुत्री 'हाड' म्हटलं की जवळ यायची. ऐकणाऱ्याला हसू येतं. मलाही यायचं, पण मागच्या मे महिन्यापर्यंतच.

यात सगळी चूक सासूबाईंची, असं मी तेव्हा घरभर बोलून दाखवायचे. आमच्यात सासूला मामी म्हणतात; गल्लीही त्यांना मामीच म्हणते. केजला बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं घर. ही कुत्री पिल्लू होती तेव्हा रोज सकाळी परसदारी येऊन बसायची. मामी तव्यावरची पहिली भाकरी उतरवायच्या, तिचा चतकोर मोडायच्या आणि "हाड, हाड, मेले" म्हणत तिच्यापुढे टाकायच्या. खायला घालायचं आणि हाकलायचंही, दोन्ही एका दमात. मामींचं सगळंच असं. मला चहा देतानासुद्धा त्यांच्या कपाळावर आठी असायची. पिल्लानं त्यातलं आपल्या कामाचं तेवढं उचललं. हाड म्हणजे भाकरी, एवढं तिला पक्कं कळलं.

पुढे ती घरातलीच झाली. मी तिला लस टोचून आणली, गळ्यात पट्टा घातला आणि मोबाईलवर बघून बघून तिला शिकवायला लागले. मारायचं नाही, ओरडायचं नाही. सांगितलेलं केलं की त्याच क्षणी खाऊ द्यायचा, नाही केलं तर न चिडता पुन्हा पहिल्यापासून. माझ्यासारख्या तापट बाईला हे जड गेलं, पण मी नेटानं केलं. ओच्यात भाजलेले शेंगदाणे घेऊन दिवसातून पाच-सहा वेळा 'ये' म्हणायचे. दहा-बारा दिवसांत ती अंगणात माझ्या 'ये'ला यायला लागली. मी शेजारणींना बोलावून दाखवलंसुद्धा.

पण सकाळ झाली की मामींचं हाड सुरू.

"मामी, तुम्ही माझं सगळं नासवायलात."

"म्या काय शिकवलं तिला? म्या तर हाकलायले."

मी भांडी आपटायचे.

मग पलीकडच्या गल्लीत एका माणसाला पिसाळलेलं कुत्रं चावलं आणि आमच्या भागातली हवाच बदलली. माणसं दाराशी काठ्या ठेवायला लागली. कुत्रं दिसलं की हाड! बाकीची कुत्री शेपूट घालून पळायची. आमची तेवढी शेपूट हलवत धावत जायची. समोर पिठाची गिरणी आहे. तिचे मालक आमच्या यांच्या बरोबरीचे, मी त्यांना भाऊजी म्हणते. ते एकदा दारात येऊन उभे राहिले.

"वहिनी, तुमचं कुत्रं हाड म्हटलं की अंगावर येतंय."

"भाऊजी, ती लाडानं येते."

"आमाला काय कळतंय, लाडानं येतंय का चावायला येतंय? गिरणीवर लेकरं येतेत. पुन्हा आलं तर कोणाचं हाय ते मी बघणार न्हाई."

ते चांगले गृहस्थ आहेत. भ्यालेले होते. पण मला त्या दिवसापासून घास गोड लागेना. हिला कोणीतरी मारणार, आणि तेही ती प्रेमानं जवळ गेली म्हणून मारणार, हे माझ्या डोक्यातून जाईना. 'ये' पक्कं होईपर्यंत तिला मोकळं सोडायचंच नाही, असं मी ठरवलं.

मग मे महिन्यात एका दिवशी लेकीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला काढायला मला तहसीलला जायचं होतं. नऊ वाजता मी कुत्रीला परसात भिंतीच्या कडेला बांधलं. बाज मावेल एवढी सावली होती. पाण्याचं भगुनं भरून ठेवलं.

"कावून बांधायलीस तिला?" मामी म्हणाल्या. "सुटी असली की सावली बघून बसती ती."

"मी येईपर्यंत सोडायचं नाही. दोरीला हात लावायचा नाही. एकदा तरी माझं ऐका, मामी!"

आवाज चढला होता. शेजारच्या बायकांनी ऐकलं असणार. मामी आत गेल्या.

तहसीलला रांग दारापर्यंत. त्यात सर्व्हर बंद. साहेब खेकसले म्हणून सगळ्यांनी मोबाईल मुके करून ठेवले, मीही पर्समध्ये टाकला. साडेबारा झाले, एक वाजला. मी ओसरीच्या कडेला सावलीत उभी होते. अचानक पाय पोळले म्हणून खाली बघितलं, तर ऊन माझ्या चपलांवर आलं होतं. तेव्हा मला आमची भिंत आठवली. तिची सावली दुपारी कुठे असते, हे इतकी वर्षं त्या परसात कपडे वाळत घालून मला माहीत नव्हतं का? होतं. नऊ वाजताची सावली बघून मी गाठ मारली आणि निघून आले.

पर्समधून मोबाईल काढला. मामींचे तीन कॉल येऊन गेले होते. मी उलटा फोन लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही.

रिक्षा मिळेना. मी त्या उन्हात पळत सुटले. गल्लीच्या तोंडाशी आले तर गिरणीसमोर पाच-सहा माणसं अर्धगोल करून उभी, भाऊजींच्या हातात काठी, आणि मधोमध आमची कुत्री. गळ्यात तुटलेली दोरी. जीभ लोंबत होती, तोंडातून घट्ट लाळ गळत होती, मागचे पाय एकमेकांत अडकत होते.

"पिसाळलं! पिसाळलं हो!" कोणीतरी ओरडलं.

"हाड! हाड!"

आणि ती त्यांच्याकडे दोन पावलं सरकली.

"हाड बे! हाड!"

आणखी दोन पावलं. भाऊजींनी काठी वर उचलली.

"ये!" मी किंचाळले. "ये, ये, ये!" तिचा कानही हलला नाही. "हाड म्हणू नका तिला! तिला ऊन लागलंय, लस दिलीय तिला!"

"मग काय, या बसा म्हणावं का?" एकजण माझ्यावरच खेकसला.

खरं सांगते, मीही पुढे गेले नाही. लसीचा कागद कपाटात होता, तो मीच ठेवला होता. तरी ती लाळ बघून माझे पाय उचलेनात. पिसाळली असली तर, हाच विचार माझ्या मनात आला. ज्या कुत्रीला मी हातानं शेंगदाणे भरवले, तिला मी त्या क्षणी भ्याले.

तेवढ्यात आमच्या दारातून मामी बाहेर आल्या. अनवाणी, पदर खांद्यावर घसरलेला, हात रिकामे.

"गप बसा रे समदे."

त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण गल्ली गप्प झाली. काठी तशीच वर राहिली. मामी त्या तापलेल्या रस्त्यावर खाली बसल्या आणि रोज परसात म्हणायच्या तसंच म्हणाल्या, "हाड, मेले. हाड."

कुत्री वळली. धडपडत, एकदा पडून, ती मामींपर्यंत गेली आणि त्यांच्या मांडीवर कोसळली.

मग माझे पाय सुटले. गिरणीच्या ओट्याच्या सावलीत तिला उचलून नेलं. काठी टाकून भाऊजींनीच बादली आणली. जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, पोटावर, पायांवर पाणी ओतत राहा, वारा घाला, तोंडात पाणी कोंबू नका आणि लगेच घेऊन या. मी ओतत होते, एकजण पोत्यानं वारा घालत होता. आणखी पाणी आणायला म्हणून कोणीतरी आमच्या परसात गेलं आणि सांगत आलं की भिंतीच्या खिळ्याला आणि नळाला एक जुनं लुगडं बांधलंय, एका बाजूनं फाटून खाली आलंय. माझ्या लक्षात आलं. दोरीला हात लावायचा नाही म्हटलं होतं, म्हणून मामींनी लावला नव्हता. सोडू का, हे विचारायला तीन वेळा फोन केला होता. मी उचलला नाही, तेव्हा स्वतःच्या लुगड्याची सावली केली होती.

भाऊजींनी कुत्रीच्या गळ्यातली दोरी हातात धरली. त्यांना राग आला होता, आणि तो खराच होता. काठी पडली असती तर, याचाच राग असेल.

"असल्या उन्हात हिला कोणी बांधलतं?"

मी तोंड उघडलं.

"म्या बांधलतं," मामी म्हणाल्या.

"मामी, केस पांढरे झाले तुमचे. मुक्या जनावराचं एवढं कळंना का?"

मामी पदरानं कुत्रीला वारा घालत राहिल्या. मी पाणी ओतत राहिले.

भाऊजींनीच जीप काढली. दवाखान्यात सलाईन लावलं, आणि संध्याकाळपर्यंत तिनं मान उचलली. ती जगली. पुढच्या आठवड्यापासून मामी भाकरी टाकताना 'ये' म्हणायला लागल्या, मी न सांगता. चार दिवसांत कुत्री शिकली. माझ्या शेंगदाण्यांना बारा दिवस लागले होते.

गल्लीत अजून कोणी ना कोणी मामींना अडवतं. ऊन वाढलं की बायका म्हणतात, "मामी, कुत्री सावलीत बांधा बरं का. मागच्या वेळी मारलीच होती तुम्ही." मामी "हो बाई" म्हणतात आणि पुढे चालायला लागतात. अशा वेळी बहुतेकदा मी त्यांच्याबरोबर असते, हातात पिशवी धरून. मामींनी या गोष्टीचा घरात कधी शब्द काढला नाही. मीही काढला नाही. आज इथे पहिल्यांदा लिहितेय की ती दोरी मी बांधली होती. आणि लिहू शकतेय, कारण मामींना वाचता येत नाही आणि समोरचे भाऊजी काही वाचत नाहीत.