भावोजींनी बंद केलेलं लेणं

आमच्या भावोजींसारखा हट्टी माणूस गेल्या दोन हजार वर्षांत झाला नसेल, आणि हा आकडा मी उगाच सांगत नाही. याहून अलीकडच्या गोष्टीकडे ते स्वतः ढुंकूनही बघत नसत. माझ्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईचे, हे यजमान. किल्ले, लेणी, पडके बुरूज आणि गंजलेल्या तोफा सांभाळणारं जे सरकारी खातं असतं, त्याच्या मुंबईच्या कचेरीचे ते मुख्य साहेब. स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झालेली, जिकडे तिकडे नवं बांधायची घाई, आणि हा माणूस 'काहीही नवं करू नका' असे हुकूम काढत बसलेला. मोडलंय ते मोडलेलंच जपावं, आपल्या पदरचं त्यात काही घालू नये, हा खात्याचा नियम. भावोजींनी तो पार्ल्याच्या आपल्या दोन खोल्यांतही लागू केला होता. कपाचा कान तुटला तर ताईने तो कप टाकायचा नाही आणि कान चिकटवायचाही नाही. पाहुण्याला बिनकानाच्या कपातून चहा मिळे, त्याची बोटं भाजत, आणि भावोजी समाधानाने सांगत, "अस्सल आहे हो!"

"पाहुण्यांची बोटं पण अस्सलच आहेत," ताई आतून म्हणायची.

एकदा कुणी बडे पुढारी परदेशी पाहुण्यांना लेणी दाखवायला आणणार होते. त्यांचा माणूस आधी कचेरीत येऊन सुचवून गेला, की मूर्तींची नाकं फुटलीत, बरं दिसत नाही, तेवढी सिमेंटची बसवून घ्या. भावोजींनी त्याला खुर्ची दिली, चहा पाजला आणि अगदी गोडीत विचारलं, "तुमच्या आजोबांच्या फोटोला तुम्ही कवळी बसवता का हो?" तो गृहस्थ जो उठला तो पुन्हा फिरकला नाही. आणि त्या कॉलेजकुमाराचा किस्सा तर पार्ल्यात कित्येक वर्षं चघळला गेला. त्याने एका खांबावर खिळ्याने आपलं नाव कोरलं होतं. भावोजी ओरडले नाहीत, काही नाही. फक्त पत्ता विचारून घेतला. रविवारी त्याच्या घरी गेले, आईला नमस्कार केला, खिशातून कोळसा काढला आणि बैठकीच्या नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर आपलं नाव आणि हुद्दा ठसठशीत लिहिला. "अगं बाई, हे काय करताय!" ती माउली किंचाळली. "आठवण म्हणून," भावोजी म्हणाले, "बाकी चिरंजीवांना विचारा." चिरंजीव तोवर मागच्या दाराने पसार झाले होते.

बरं, नियम दुसऱ्याला एक आणि स्वतःला दुसरा, असलं काही नव्हतं हं. लेण्यांत खायला बंदी, म्हणून साहेब स्वतः भर उन्हात बाहेर करवंदीच्या जाळीशी बसून डबा खात. एकदा मी वैतागून म्हटलं, "भावोजी, परवानगी द्यायचा अधिकार तुमचाच ना? मग द्या की स्वतःला!" त्यांना ते पटलं. तिथल्या तिथे कागद काढून त्यांनी स्वतःच्या नावे रीतसर अर्ज लिहिला, दोनदा वाचला आणि खाली शेरा मारला, 'नामंजूर'. वर मलाच म्हणतात, "अर्जातलं कारण पटण्यासारखं नव्हतं रे." मी कपाळावर हात मारून घेतला आणि त्यांच्याशेजारी उन्हात पोळ्या खाल्ल्या.

या सगळ्या हट्टीपणाला हसायचे माझे दिवस एका लेण्यापाशी संपले. बोरिवलीच्या डोंगरात, वाटेपासून आडबाजूला, हे लहानसं लेणं. भावोजी खात्यात नुसते नकाशे काढायच्या कामावर होते तेव्हा दोन हिवाळे खपून त्यांनी त्याची मापं घेतली होती. मदतीला माणूस मिळेना, म्हणून नव्या नवरीलाच घेऊन गेले. टेपचं एक टोक यांच्या हातात, दुसरं ताईच्या. माप झालं की ती आतल्या दगडी बाकावर बसायची आणि हे समोर बसून रेघा ओढायचे. "आमचा निम्मा संसार त्या बाकावर झाला," असं ताई हसत सांगायची. पुढे बढत्या आल्या, भावोजी कचेरीच्या खुर्चीला जखडले, पण वर्षातून एकदा दोघं तिथे जाऊन बसून यायची. ताई गेली, आणि त्याच वर्षी त्या लेण्याच्या खांबाला तडा गेला. भावोजींनी बाहेरूनच पाहिलं आणि हुकूम काढला: दुरुस्ती होईपर्यंत आत कोणीही जाऊ नये. 'कोणीही'खाली दोन रेघा. तोंडाशी काटेरी तार लागली, पहारेकरी बसला. दुरुस्तीची फाईल दिल्लीला गेली ती तिकडेच रमली.

तीन वर्षं हा माणूस झुरला. जेवताना मध्येच हात थांबायचा. मी म्हणायचो, "अहो, साहेब आहात, पाहणी म्हणून जाऊन या आत!" तर म्हणाले, "पाहणीच्या कागदावर कारण लिहावं लागतं. काय लिहू? बायकोची आठवण येते?" म्हणाले हसत, पण मला काही हसू आलं नाही.

निवृत्तीचा दिवस आला, हारतुरे झाले. दुसऱ्याच रविवारी सकाळी भावोजी माझ्या दारात हजर. धोतर, छत्री, आणि डोळ्यांत काहीतरी भलताच बेत. "चल बोरिवलीला. आता मी साधा माणूस झालो. साधी माणसं नियम मोडतातच, मी तीस वर्षं तेच बघत आलोय."

डोंगर चढताना मी मागे पडत होतो, ते नाही. तारेपाशी पास्कू उभा होता. पायथ्याच्या गावठाणातला ख्रिस्ती माणूस, भावोजींनीच नेमलेला, त्यांनीच नियम घोकून घेतलेला. त्याने कडक सलाम ठोकला आणि मग तारेसमोर आडवा उभा राहिला.

"साहेब, आत नाय जाता येणार."

"मला ओळखलं नाहीस, पास्कू?"

"तुमालाच तर ओळखतो. तुमचीच ऑर्डर हाय. कोणीही म्हणजे कोणीही, असं तुमीच बोललेले." मग इकडेतिकडे बघून तो हळूच म्हणाला, "मी खाली पाणी भरायला जातो, साहेब. अर्धा तास लागंल. मागे काय झालं ते मला नाय माहीत."

मी मनातल्या मनात म्हटलं, देवा, आता तरी जाऊ दे याला. भावोजींनी तारेवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाले, "पास्कू, पहाऱ्यावरच्या माणसाने जागा सोडायची नाही." त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि वळले.

अर्ध्या उतारावर ते एका दगडावर मटकन बसले. "अरे, बाकी काही नको होतं. ती बाकावर बसली की सकाळचं ऊन यायचं आणि ती सरकत सरकत दुसऱ्या टोकाला जायची. ऊन आधी कुठल्या टोकाला यायचं, तेच आठवेनासं झालंय मला. नकाशात सगळी मापं आहेत रे, ऊन नाही. तेवढं एकदा बघायचं होतं." आणि माझे ते हट्टी, अस्सल भावोजी उपरण्यात तोंड घालून रडले. मी पण रडलो.

पुढच्या वर्षी ते गेले. खांबाला आधार मिळाला, तार निघाली, ते सगळं त्यानंतर. मी एकटाच गेलो. पास्कू अजून तिथेच होता. त्याने नुसती मान हलवली. मी त्या बाकावर जाऊन बसलो आणि वाट बघितली. दहाच्या सुमाराला ऊन आलं. दाराकडे तोंड करून बसलं तर आधी डाव्या टोकाला येतं, मग इंचाइंचाने सरकतं.

"भावोजी, डावीकडून येतं हो!" मी मोठ्याने म्हणालो. पास्कूने बाहेरून डोकावून पाहिलं आणि परत आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.