पोट्टी चालते का नाई

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. अंगणवाडीच्या बाईनं शांत असावं, असं ट्रेनिंगमधे शिकवतात. शिकवणाऱ्या मॅडमनं एकदा रोवणीच्या दिवसांत आमच्या इथी येऊन पाहावं. साऱ्या बाया सकाळीच रोपं लावाले धानाच्या बांधीत जातात अन् रांगणारी, धावणारी, चावणारी सारी लेकरं माझ्या अन् मदतनीस बाईच्या हवाली करतात. अहेरीची पहिली एसटी फाट्यावर येते तोपर्यंत माझा आवाज बसलेला असतो.

त्या वर्षी एक दीड वर्षाची पोट्टी होती. गुबगुबीत, टपोऱ्या डोळ्यांची, अन् एक नंबरची राणी. खाली ठेवलं की दोन्ही हात वर करायची. मी रजिस्टर लिहायची ते तिले कडेवर घेऊन, मदतनीस बाई खिचडी ढवळायची तेही तिलेच कडेवर घेऊन. 'आता माह्यी पाळी' म्हणून आम्हा दोघींचं भांडण व्हायचं. अन् महिन्याच्या शेवटी मीच तिच्या तक्त्यावर लाल पेनानं लिहिलं: आधाराशिवाय चालत नाही.

कशी चालंल? पाय जमिनीले लागले तर ना! पण एवढी अक्कल मले तेव्हा नव्हती.

मातांच्या बैठकीत मी तिच्या आईले उभं केलं. विशीतली बाई, हळू बोलणारी, कोणाच्या अध्यात ना मध्यात. "काऊन वो, घरी दिवसभर कडेवर घेऊन फिरता का पोरीले? चालत नाई ती."

"घरी चालते ना, बाई."

"घरी चालते! मग इथी काऊन नाई चालत? इथी पायाले मेंदी लागते का?"

साऱ्या बाया खदखदा हसल्या. "पुढच्या आठवड्यात तालुक्याहून तपासणीच्या मॅडम येणार आहेत, त्यांच्यासमोर असं खोटं बोलू नका," असंही मी वरून ठेवून दिलं. ती पदराचं टोक बोटाले गुंडाळत उभी राह्यली. मॅडमसमोर पोट्टी चालली नाई, तर तिले जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवायचं ठरलं. म्हणजे ऐन रोवणीत आईचे दोन-तीन दिवस जाणार, अन् पोट्टी अधू, आई खोटारडी, असं गावभर होणार ते वेगळंच.

तपासणीच्या दिवशी आम्ही पोट्टीले मधोमध उभं केलं. मी टाळ्या वाजवल्या, खुळखुळा वाजवला, बिस्कीट दाखवलं. तिनं धप्पकन बसकण मारली अन् माझ्याकडे हात वर केले. मी सवयीनं उचललं.

"अहो, खाली ठेवा तिला!" मॅडम म्हणाल्या.

ठेवलं. तिनं पुन्हा हात वर केले. माझे हात आपोआप पुढं गेले.

"बाई!" मॅडम ओरडल्या.

तेवढ्यात तिची आई रोवणी सोडून दारात आली. पाय चिखलानं भरलेले, साडी कमरेले खोचलेली, अन् मागं दोरानं बांधलेली बकरी.

"बकरी भाईर! अंगणवाडी आहे का कोंडवाडा?" मी ओरडली.

तिनं पहिल्यांदाच माझं ऐकलं नाई. सरळ आत आली अन् दोराचं टोक पोरीच्या मुठीत दिलं. बकरी चालली. पोट्टी उठली अन् चालली तिच्या मागं! पोट पुढं काढून, डुलत डुलत, पाटलीणबाई बाजाराले निघाल्यासारखी. बकरी खिचडीच्या गंजात तोंड घालाले, पोट्टी बकरीमागं, मदतनीस बाई झारा घेऊन दोघींच्या मागं. मॅडमनं व्हिडिओ काढाले मोबाईल काढला, तर बकरीनं त्यांचा पदरच तोंडात धरला.

"पण ही बकरीच्या आधारानं चालते," मॅडम पदर सोडवत म्हणाल्या. "आधाराशिवाय चालली पाहिजे."

आई वाकली अन् तिनं बकरीच्या गळ्याची गाठ सोडली. बकरी बाजूले झाली. पोट्टी मोकळा दोर घट्ट धरून त्याच तोऱ्यात चालत राह्यली. पुढं बकरी नाई, याचा तिले पत्ताच नाई.

"घरी कोणी उचलाले रिकामं नसते, बाई. ती बकरीसंगं फिरते," आई मले म्हणाली. "इथी तुम्ही तिले खालीच ठेवत नाई."

जमीन फाटावी अन् मी आत जावी, असं झालं मले. मॅडमनं नोंद बदलली, चहा घेतला अन् गेल्या. आरडाओरडा ऐकून बांधीतल्या बाया दारात जमल्या होत्या. त्याच, बैठकीत हसलेल्या. मले वाटलं, उद्या हिले एकटीले गाठून सांगू. मग माझाच मले राग आला. खोटारडी म्हटलं चारचौघीत, अन् माफी मागाची कोपऱ्यात?

"ऐका वो साऱ्या," मी म्हटलं. "ही खरं बोलत होती. पोरीले कडेवर घेऊन घेऊन मीच बसवलं, अन् बोल हिले लावला. चुकलं माह्यं."

कोणी हसलं नाई. मलेच रडू आलं. लाज वाटली, खरंच लाज वाटली.

"बैठकीच्या त्या दिवशी मले घास गेला नाई, बाई," आई एवढंच म्हणाली.

मग तिनं पोरीले उचललं नाई. साऱ्या बायांच्या मधून, चिखलाच्या रस्त्यानं, पोरीच्याच चालीनं ती घराकडे निघाली, मोकळी बकरी मागं. पाच मिनिटांची वाट, पण मी दारातून पाहत होती तेवढ्यातच पोट्टी तीनदा पडली. तिन्ही वेळा माझे हात पुढं आले अन् मी ते पदरात गुंडाळून उभी राह्यली. आई मात्र दर वेळी थांबली, पोट्टी आपली आपण उठेपर्यंत.