रामाकोन्याचं लुगडं

"ऐन वेळी धावपळ नाही पाहिजे," असं म्हणत आमचे शेजारी पटवारीकाका बस यायच्या तासभर आधीच स्टँडवर जाऊन बसायचे. गल्लीतल्या एका लग्नात तर त्यांनी पाहुण्यांच्या चपलांची जागाही चुन्याने आखून ठेवली होती. अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. आपण त्यांना हसतो आणि अडलं की त्यांच्याच दारात जातो.

आता उपाय उरला नाही, काकूंना घरी न्या, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी काका लाकडांचं बघून आले. बांबू, गोवऱ्या, कोणाला फोन करायचे, सगळं ठरवायला लागले. मी भडकलो. "काका, काकू अजून जित्या आहेत!"

"म्हणूनच करून राहिलो, बाबू. ती गेल्यावर माह्यानं काही होनार नाही."

मला माझीच लाज वाटली.

एकच गोष्ट राहिली होती. सवाष्णीला शेवटचं लुगडं माहेरचं नेसवतात, आणि काकूंचं माहेर तुटलेलं. घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून रामाकोना गावातल्या भावाने चाळीस वर्षं बहिणीचं तोंड पाहिलं नव्हतं. काकांनीही त्या दारात पाय ठेवणार नाही म्हणून शपथ घेतलेली. तरी ते इस्त्रीचा सदरा घालून माझ्या मोटारसायकलवर मागे बसले. "चाल. रामाकोना."

भाऊ अंगणात संत्री निवडत होता. त्याने 'या' म्हटलं नाही. काका उन्हात उभ्यानेच बोलले, "तुमच्या बहिणीची तयारी करून राहिलो. लुगडं तेवढं तुमच्याकडचं पाहिजे. ते मले बाजारातून घेता येत नाही."

भाऊ उठून आत गेला. बराच वेळ आलाच नाही. मी गाडीला किक मारणार, तोच तो टोपी घालून बाहेर आला. "लुगडं असं कोनाच्या हाती देत नसते. मी घेऊन येतो."

संध्याकाळी तो सगळं घर घेऊन आमच्या गावी, सौसरला आला. हिरवंगार, जरीकाठी लुगडं. काकूंनी त्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आताच नेसवा. मेल्यावर मले कसं दिसंल?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. काकाच म्हणाले, "नेसवा."

मग काय तो रुबाब! उशीला टेकून, दार सताड उघडं ठेवायला लावून काकू येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारत होत्या, "पाहा, मायेरचं आहे!" इतकी जिंकलेली बाई मी दुसरी पाहिली नाही. आणि सगळं आधी ठरवणारे आमचे काका अनवाणी आमच्याकडे पळत आले, कारण अकरा पाहुण्यांच्या चहाला घरात साखरच नव्हती.

पाचव्या दिवशी सकाळी काकू गेल्या, त्याच लुगड्यात. तयारी चोख होती. कोणाला काही विचारावं लागलं नाही. फक्त निघायच्या वेळी काका ओट्यावर बसून राहिले. उठवेना त्यांना. मेहुण्याने तिरडीचा आपला खांदा दुसऱ्याला दिला, मागे आला आणि काकांचा हात धरला.

"भाऊजी, चला," तो म्हणाला. "तिले आपुन दोघं नेऊ."

चाळीस वर्षांत तो त्यांना पहिल्यांदाच भाऊजी म्हणाला होता. काका उठले. विस्तवाचं मडकं हातात घेऊन ते पुढे झाले, मेहुणा त्यांना धरून चालत होता, आणि सगळी गल्ली मागून निघाली.