चार पंखे आणि घाटघरचे महादूमामा

रविवारच्या बाजारात, जुन्नरच्या माझ्या दुकानात एक परीक्षा झाली... माझीच. अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून टाकतो.

माझा धंदा विहिरीवरच्या मोटारी रिवाइंड करायचा, आणि नाद कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या फ्लाइट सिम्युलेटरचा. नवा सिम्युलेटर माझ्या कॉम्प्युटरला झेपत नाही, म्हणून जुन्याच सिम्युलेटरसाठी कुणीतरी फुकट दिलेलं लिबरेटरचं मॉडेल घेतलं. चार इंजिनांचं जुनं बॉम्बर विमान.

ते हुबेहूब खऱ्यासारखं करायला दीड वर्ष त्याच्यावर बसलो. रिव्हेटच्या ओळी, दुकानाच्या शटरसारखी वर सरकणारी बॉम्बच्या कप्प्याची दारं, पॅनेलवरचा एकेक काटा... क्लास कुठलाच लावला नाही, सगळं बघून बघून शिकलो. त्या संध्याकाळी मॉडेल इंटरनेटवर, सिम्युलेटरवाल्यांच्या फोरमवर टाकायचं होतं, आणि मी आधीच छातीठोकपणे लिहून बसलो होतो, चूक काढून दाखवा.

दुपारी घाटघरचे महादूमामा मोटर न्यायला आले. ऐंशीला टेकलेले, भातशेती करणारे, माझं जुनं गिऱ्हाईक. स्क्रीनकडं नजर गेली आणि पिशवी खाली ठेवली.

"लिबरेटर हाय का रं ह्यो?"

मी उडालोच. मामा तरुणपणी हवाई दलात फिटर होते, लोहगावला याच विमानाच्या इंजिनांवर काम केलेलं. इतकी वर्षं बोलला नाहीत, म्हटलं. तर म्हणाले, "तू कवा इचारलं?"

म्हणजे विमानाला प्रत्यक्ष हात लावलेला माणूस माझ्या स्टुलावर बसलेला... फोरम गेला खड्ड्यात, आता यांनी पास करायला हवं.

"पयलं इंजिन कुठलं चालू करतो?"

"तीन नंबर."

"का?"

"हायड्रॉलिकचा पंप त्याच्यावर आहे म्हणून."

मामांनी मान हलवली. मी फुगलो. रुबाबात स्टार्टर दाबला, पंखा हळूहळू फिरायला लागला... आणि मामा हसायला लागले.

"राव, तुझं इमान मागं जाईल. पंखा उलटा हाय."

मी वाद घातला. घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो, छापील माहिती आहे माझ्याकडं. मामा उठले, स्क्रीनवर समोरून दिसणाऱ्या विमानापुढं उभे राहिले आणि हवेतच डावीकडचं पातं धरून खाली ओढलं. स्क्रीनवर तेच पातं वर चाललं होतं.

"इंजिन बंद आसलं की खालच्या सिलिंडरात ऑइल उतरतं. म्हून चालू करायच्या आधी पंखा आमी हातानं फिरवायचो. हात इसरत न्हाई."

तेव्हा कुठं ट्यूब पेटली. मोटारीची दिशा आम्ही शाफ्टकडून बघतो, म्हणजे समोरून. विमानवाले बघतात मागून, पायलटच्या सीटवरून. वीस वर्षांच्या धंद्याच्या सवयीनं मी चारही पंखे उलटे फिरवून ठेवले होते. अख्ख्या तालुक्याच्या, उलट्या फिरून पाणी कमी देणाऱ्या मोटारी सुलट्या करणारा मी...

"पानी कमी येत आसंल तुझ्या इमानाला," मामा म्हणाले.

लगेच दुरुस्तीला बसलो. मामांची चारची एसटी गेली. "जाईन रातच्या मुक्कामाच्या गाडीनं," म्हणाले, आणि चहा मागवायला लावला. माझ्याच पैशानं, माझ्याच दुकानात.

चारही पंखे सुलटे झाले. मी स्क्रीनला नाक लावून तीन नंबरचा स्टार्टर दाबला. मामा काहीतरी बोलतील म्हणून कान टवकारलेले... तर त्यांनी माझा दंड धरून मला खस्सकन मागं ओढलं.

"मागं हो. चालू व्हतंय."

चौदा इंची मॉनिटर हो. त्यांच्याही लक्षात आलं, हसले. पण चारही इंजिनं लागेपर्यंत दंड सोडला नाही.

मॉडेल एक दिवस उशिरा टाकलं. सोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये पहिली ओळ आहे, 'तपासणी : महादूमामा, घाटघर'. माझं नाव त्याच्या खाली... आणि तिथंच ते शोभतंय.